मंदी, पडदे आणि न विकलेलं कपाट

खुंटी

नमस्कार मंडळी. घरसजावटीतले, सुतारकामातले आणि जुन्या वस्तूंच्या नादाला लागलेले बरेच जण इथे वावरतात, म्हणून हा धागा काढतेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगून ठेवते.

माझा धंदा दोन पायांवर उभा आहे. एक पाय सजावटीचा: पडदे, रंग, दिवे, फर्निचर. दुसरा जुन्या वस्तूंचा. तो सहा वर्षांपूर्वी हौसेने टाकला. हिशेब असा होता की एक लंगडला तर दुसरा सावरून धरेल. मंदी आली आणि दोन्ही एकदमच लंगडायला लागले.

सुरुवातीला कळलंच नाही. चौकश्या पूर्वीइतक्याच होत्या, फोनही येत होते. फक्त होकार यायला उशीर व्हायला लागला. आधी आठवड्यात ठरायचं, मग "पुढच्या महिन्यात बघू" झालं, मग "कळवते". मग एका बाईंनी बैठकीच्या खोलीचं काम मध्येच थांबवलं. तोवर ४२ मीटर लिनन कापून झालं होतं. कापलेलं कापड कुणी परत घेत नाही, आणि मापं त्यांच्या खिडक्यांची असल्यामुळे दुसऱ्या कुणाच्या घरी बसतही नाही. बरं, त्यांच्याकडे कुणाची नोकरी गेली नव्हती. फक्त त्या वर्षीचा बोनस बुडाला होता.

जुन्या वस्तूंच्या बाजूला वर्दळ उलट वाढली, पण विकायला येणाऱ्यांची. मला वाटलं, हीच वेळ. चार कपाटं उचलली. त्यातलं एक १९व्या शतकातलं महोगनीचं. त्याच्या पाठच्या फळीवरून हात फिरवला की रंध्याच्या लाटा बोटांना लागतात. निम्म्या भावात पडलं म्हणून मी स्वतःवरच खूश होते. आठ महिने झाले, आहे तिथेच आहे.

तर प्रश्न असा: मंदीत यातला कुठला पाय वाचवायचा? आणि हे सगळं मंदीमुळेच होतंय, की मीच कुठे चुकतेय?

टोकदार

श्रीमंतांचे चोचले आहेत हे. लोकांच्या नोकऱ्या जातायत आणि इथे पडद्यांची चर्चा. बुडाला धंदा तर बुडू द्या की.

रंधा

टोकदार, तुमचा प्रतिसाद वाचून हसू आलं. पडदे न घेतल्याने श्रीमंताचं काही बुडत नाही हो. बुडतो तो पडदा शिवणारा, पॉलिशवाला, गादीकाम करणारा, टेम्पोत माल चढवणारा. यांना पगार नसतो, काम असेल तरच पैसे. आणि पॉलिशवाला एकदा दुसऱ्या कामाला लागला की परत येत नाही. लाखेचं पॉलिश बोळ्याने चढवायला हात बसावा लागतो, त्याला काही वर्षं जातात. मंदी सरते, माणूस मिळत नाही.

आता खुंटीताई, माझ्यापुरतं सांगतो. मी दुरुस्तीवाला. मंदीत माझ्याकडे काम वाढतं. नवीन सोफा घेणार होते ते जुनाच घेऊन येतात, "काही होतंय का बघा" म्हणत. पण त्यात एक गोम आहे, ती लोक सांगत नाहीत.

परवाच एक खुर्ची आली. बैठक खड्ड्यासारखी खचलेली. कापड उसवलं तर खालच्या पट्ट्या कुजलेल्या, स्प्रिंगा मोकळ्या झालेल्या. त्या पुन्हा सुतळीने बांधायच्या म्हणजे एकेका स्प्रिंगेला आठ बाजूंनी गाठ, सगळ्यांचा ताण सारखा, नाहीतर बसणारा माणूस एका अंगाला कलतो. त्यावर तागाचं कापड, त्यावर भरण, मग पुन्हा शिवण. दोन दिवस धरून चाला. मजुरी सांगितली की गिऱ्हाईक म्हणतं, "एवढ्यात नवीन येईल." येईलच! पण ती नवीन खुर्ची पिना मारलेल्या पातळ प्लायची असेल. हे पटवण्यात अर्धा तास जातो आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे कुणी देत नाही. म्हणजे मंदीत काम जास्त, कमाई तेवढीच.

हिशेबनीस

चांगला विषय. थोडं आकड्यांच्या बाजूने बोलतो.

सजावटीच्या धंद्याचं भवितव्य बघायचं असेल तर देशाच्या एकूण उत्पन्नाच्या बातम्या वाचू नका. घरांचे किती व्यवहार होतायत ते बघा. माणूस मोठा खर्च करतो तो घर बदलल्यावर. आहे त्या घरात दहा वर्षं जुने पडदे चालतात, नव्या घरात दहा दिवस चालत नाहीत. घरांच्या किमती टिकून असल्या तरी व्यवहार थंडावले की पडदेवाला, फर्निचरवाला, दिवेवाला सगळे रांगेने आडवे होतात. अमेरिकेत २०२३ मध्ये व्याजदर चढलेले असताना जुन्या घरांची विक्री १९९५ नंतरच्या नीचांकाला गेली, साधारण ४१ लाख घरं. किमती मात्र फारशा पडल्या नाहीत, कारण स्वस्त व्याजाचं जुनं कर्ज सोडून कुणी हलायलाच तयार नव्हतं. घर सोडायचं नाही म्हटल्यावर सजवायचं काय?

म्हणून सगळ्या मंद्या सारख्या नसतात. २०२० मध्ये अर्थव्यवस्था कोसळली होती, तरी घरात कोंडलेले लोक टेबलं, खुर्च्या, रंग यांवर खर्च करत सुटले. माल मिळेना, २०२१ मध्ये लाकूड आणि जहाजाचं भाडं दोन्ही भडकलं. पुढे तीच मागणी ओसरली. तो जोर कायमचा समजून ज्यांनी पसारा वाढवला त्यांची पंचाईत झाली. ऑनलाइन फर्निचर विकणारी मेड डॉट कॉम ही ब्रिटिश कंपनी जून २०२१ मध्ये शेअर बाजारात आली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये दिवाळखोरीत निघून प्रशासकांच्या हाती गेली. जेमतेम दीड वर्ष!

आणखी एक. सजावटवाला इमारतीच्या कामाच्या शेपटाला असतो. आज तुमच्या हातात असलेलं काम मागच्या वर्षी ठरलेलं आहे. त्यामुळे मंदी तुमच्यापर्यंत उशिरा येते, आणि जातेही उशिरा. पेपरात "सुधारणा" छापून येते तेव्हा तुम्ही नेमके तळाशी असता.

खुंटी

हिशेबनीस, हे शेपटाचं अगदी पटलं. पहिले सहा महिने मी सगळ्यांना सांगत होते, "आमच्याकडे काही जाणवत नाही बुवा."

वाचनमात्र

एरवी फक्त वाचतो, पण मी त्या बाईंच्या जागेवर होतो म्हणून लिहितोय. मागच्या मंदीत मीही सोफ्याचं काम रद्द केलं. पैसे होते. पण शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सोमवारी काढलं आणि मंगळवारी माझ्या मोबाइलवर कापडाचे नमुने आले. उघडून बघायचीसुद्धा लाज वाटली. बायकोला म्हटलं, राहू दे आता. सजावटवालीला मात्र "जरा अडचण आहे" एवढंच सांगितलं. तिला वाटलं असेल माझीही नोकरी गेली.

त्याच वर्षी मी एक जुनं लिहायचं टेबल घेतलं. सोफ्याच्या निम्म्याहून जास्त पैसे मोजून! तेव्हा लाज वाटली नाही. जुनं घेतलं म्हणजे काटकसर केली, असं स्वतःला पटवता आलं. मनाचे खेळ, दुसरं काय.

जुनेपाने

वाचनमात्र, तुमच्यासारख्या गिऱ्हाइकांवर आम्ही तीस वर्षं जगलो. मन मोकळं केलंत, आभार.

खुंटीताई, तुमचं दुसऱ्या पायाचं दुखणं मी बघतो. आधी एक कडू गोळी: ते महोगनीचं कपाट मंदीने अडवलेलं नाही. मंदी नसती तरी ते हललं नसतं. गडद लाकडाचं, जड, भिंतभर पसरणारं सामान इंग्लंड-अमेरिकेच्या बाजारात 'ब्राउन फर्निचर' म्हणून ओळखलं जातं. त्याची घसरण २००८ च्या मंदीच्या आधीच सुरू झाली होती. घरं लहान झाली, कपाटं भिंतीत गेली, बारा माणसांचं जेवणाचं टेबल मांडायला स्वतंत्र खोली उरली नाही. मंदीने त्या पडणाऱ्याला नुसता धक्का दिला. तुम्ही निम्म्या भावात घेतलं म्हणता. निम्मा कुणाच्या? वीस वर्षांपूर्वीच्या भावाच्या? तो भाव आता परत यायचा नाही.

आमच्या धंद्यात म्हणतात, माल तीन दारांनी येतो: मृत्यू, कर्ज आणि घटस्फोट. मंदीत दुसरं दार सताड उघडतं. नवखा दुकानदार यालाच सुगी समजतो. पण कोण विकतंय ते बघा. ज्याला थांबता येत नाही तो. ज्याच्याकडे खरोखर उत्तम वस्तू आहे तो बहुधा थांबू शकतो, आणि पडत्या बाजारात ती बाहेर काढतच नाही. त्यामुळे मंदीत बाजारात येतो तो मधल्या दर्जाचा ढीग. चांगलं तेव्हाही दुर्मीळच, आणि महागही.

फेब्रुवारी २००९ आठवा. जगभर बँका गटांगळ्या खात होत्या. तेव्हा पॅरिसच्या ग्राँ पालेमध्ये फॅशन डिझायनर इव्ह सँ लोराँ आणि त्याचा जोडीदार पिएर बेर्जे यांच्या संग्रहाचा लिलाव झाला. क्रिस्टीज या लिलावगृहाने आयलीन ग्रे या डिझायनरच्या एका आरामखुर्चीचा अंदाज २० ते ३० लाख युरो धरला होता. गेली २ कोटी १९ लाखांना. एक खुर्ची! आणि त्याच सुमारास माझ्या दुकानात साध्या, चांगल्या, घट्ट सांध्यांच्या सहा खुर्च्यांच्या संचाला कुणी विचारत नव्हतं. वरचा थर टिकतो, तळाचा स्वस्त माल हातोहात जातो, मधला मरतो. दुर्दैवाने आपण बहुतेक सगळे मधले.

टोकदार

म्हणजे माझंच खरं झालं. अतिश्रीमंतांना मंदी नसते. लेमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली त्याच दिवशी, १५ सप्टेंबर २००८ ला, लंडनच्या सदबीज या लिलावगृहात डेमियन हर्स्ट या चित्रकाराच्या कामांचा लिलाव सुरू झाला. दोन दिवसांत ११ कोटी पौंडांच्या वर गेला. आणि तुम्ही शिवणकाम करणाऱ्याच्या नावाने गळा काढताय.

जुनेपाने

लिलावाचं बरोबर आहे. पुढच्या काही महिन्यांत त्याच समकालीन कलेच्या लिलावांचे आकडे धाडकन खाली आले, तेही सांगा की. आणि ती नवीकोरी कला, थेट चित्रकाराच्या स्टुडिओतून आलेली. तिचा जुन्या फर्निचरशी संबंध एवढाच की दोन्ही हातोड्याखाली विकलं जातं.

वरच्या थरालाही फटका बसतो, फक्त त्याला थांबता येतं. एकच उदाहरण देतो. बॅडमिंटन कॅबिनेट हे फ्लोरेन्समध्ये १८व्या शतकात बनलेलं कपाट १९९० मध्ये ८६ लाख पौंडांच्या आसपास विकलं गेलं, तेव्हाचा फर्निचरचा विक्रम. मग बाजार पडला. ते पुन्हा लिलावाला आलं २००४ मध्ये, आणि १ कोटी ९० लाख पौंडांना गेलं. मधली चौदा वर्षं घेणाऱ्याला थांबता आलं. खुंटीताईंना चौदा महिने थांबता येईल का, हा खरा प्रश्न आहे.

हिशेबनीस

+१. या धंद्यात माणूस भाव पडल्याने बुडत नाही, रोकड आटल्याने बुडतो. आणि हे आजचं नाही. १८व्या शतकातला इंग्लिश फर्निचरवाला टॉमस चिपेंडेल, ज्याच्या नावावर आज लिलावगृहं उड्या मारतात, तो जन्मभर उधारीने गांजलेला होता. नॉस्टेलच्या सर रोलंड विनसारखी बडी गिऱ्हाइकं पैसे वर्षानुवर्षं थकवायची आणि हा पत्रांवर पत्रं लिहायचा. वर तो नुसता फर्निचर करत नव्हता. पडदे, कागद, गाद्या, आख्ख्या खोल्या, सगळं करायचा, अगदी आजच्या सजावटवाल्यासारखं. उमरावांना पैशाची आठवण करून देणं तेव्हाही अवघडच.

फूटपट्टी

आले, आले. उशीर झाला, काम चालू होतं. (हो, आहे थोडंफार.)

मी सजावटीतली. खुंटी, लिननचं वाचून पोटात गोळा आला, कारण माझंही झालंय. तेव्हापासून नियम: कापडाचे पूर्ण पैसे जमा झाल्याशिवाय कात्री लावायची नाही. मजुरीचे नंतर दिले तरी चालतील, मालाचे आधी. ओळखीचं गिऱ्हाईक असलं तरी. किंबहुना ओळखीचं असलं तर जास्तच, कारण त्याच्याकडे मागायला जीभ रेटत नाही.

दुसरं, तुझी कमाई कशातून आहे? बरेच सजावटवाले सल्ला फुकट देतात आणि मालावरच्या सवलतीतून पैसे काढतात. दुकानदार आपल्याला कमी भावात देतो, आपण गिऱ्हाइकाला छापील भाव लावतो. बरे दिवस असताना कुणी विचारत नाही. मंदीत माणूस रात्री बसून त्याच दिव्याचा भाव पाच ठिकाणी बघतो आणि सकाळी आपल्याला फोन करतो. मग आपण चोर ठरतो. मी मागच्या खेपेला हे सगळं मोडलं. सल्ल्याचे तासावर पैसे, माल खरेदीच्या भावात, पावती गिऱ्हाइकाच्या हातात. पहिल्या वर्षी निम्मी कामं गेली. उरलेल्यांशी भांडणं मात्र संपली.

तिसरं, अख्खं घर विकू नकोस, एक खोली वीक. "बाकीचं पुढच्या वर्षी" असं तूच म्हणायचं, त्यांच्याआधी. आराखडा पूर्ण घराचा करून ठेवायचा. ज्यांना मी असे आराखडे दिले त्यातली बरीच जणं दोन-तीन वर्षांनी तोच कागद घेऊन आली.

रंधा

फूटपट्टीताई, खरेदीच्या भावात माल म्हणजे आमची मजुरी पण गिऱ्हाइकाला दिसणार ना?

फूटपट्टी

दिसते, रंधादादा. आणि ती बघून लोक कमी नाही, जास्त मान देतात. मी तर त्यांना कारखान्यात घेऊन जाते. तुम्ही सांगितलेली ती आठ गाठींची स्प्रिंग एकदा डोळ्यांनी बघितली की "एवढ्यात नवीन येईल" बंद होतं. निदान कमी होतं.

जुनेपाने

अवांतर, पण विषयाला धरून. १९३०च्या दशकातली मंदी आपल्या धंद्याची आजी. वृत्तपत्रांचा मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट याने जहाजं भरभरून युरोपातून कला आणि फर्निचर आणलं होतं, कित्येक खोकी कधी फोडलीसुद्धा नव्हती. कर्जाने मान धरली. शेवटी १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या गिंबल्स या साध्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये त्याच्या संग्रहातल्या वस्तू किमतीच्या चिठ्ठ्या लावून मांडल्या. लिलाव नाही, बोली नाही. शेजारच्या मजल्यावर भांडी आणि मोजे. गर्दी लोटली! जुन्या वस्तूंच्या दुकानाची पायरी चढायला बिचकणारे लोक तिथे आले, कारण चिठ्ठीवर किंमत होती. किंमत विचारायची भीती ही आपल्या धंद्यातली फार मोठी अडचण आहे आणि ती बहुतेक आपणच पाळून ठेवली आहे. खुंटीताई, तुमच्या कपाटांना चिठ्ठ्या आहेत का?

त्याच मंदीतली दुसरी गोष्ट. १९३५ मध्ये अमेरिकी सरकारने बेकार चित्रकारांना जुन्या खुर्च्या, गोधड्या, खेळणी, कुलपं यांची जलरंगात चित्रं काढायला बसवलं. इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन. १८,०००च्या वर चित्रं झाली, आज ती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. काही काही इतकी हुबेहूब की गोधडीचा धागा मोजावा.

टोकदार

हे माहीत नव्हतं. शोधून बघतो. (सरकारी पैशाने खुर्च्यांची चित्रं, वा. पण वाईट नाही.)

वाचनमात्र

चिठ्ठ्यांबद्दल शंभर टक्के सहमत. किंमत लिहिलेली नसली की मी दुकानात शिरतच नाही. "किती?" विचारल्यावर दुकानदार आधी माझ्या बुटांकडे बघतो.

खुंटी

दोन दिवस वही घेऊन बसले होते, म्हणून उशीर. चिठ्ठ्या नव्हत्या, जुनेपानेकाका. का नव्हत्या याचं उत्तरही माझ्याकडे नाही. कालपासून आहेत.

वहीतून काय निघालं ते सांगते. त्या महोगनीच्या कपाटाने अडवलेली जागा मोजली. दुकानाच्या भाड्यातला तेवढ्या जागेचा वाटा काढला. आठ महिन्यांत त्याने स्वतःच्या खरेदीच्या चौथ्या हिश्शाइतकं भाडं खाल्लंय. आणखी दोन वर्षं उभं राहिलं तर भाडंच खरेदीच्या किमतीइतकं होईल. हे मी सहा वर्षांत कधी मोजलं नव्हतं. पडद्यांच्या कापडाचा इंच न् इंच मोजणारी मी, इथे मात्र "जुनं आहे, वाढेल" यावर चालले होते.

दुसरं म्हणजे, लहान वस्तू अजून जातायत. आरसे, दिवे, एकेकट्या खुर्च्या, पेट्या. एका माणसाला उचलून नेता येईल ते विकलं जातं, ज्याला दोन माणसं लागतात ते अडतं. आता ही नवी खरेदीची फूटपट्टी (तुमची नव्हे हो ताई).

फूटपट्टी

हाहा. ती मोठी कपाटं भाड्याने दे ना. घर विकायला काढणाऱ्यांना रिकाम्या खोल्या भरून दाखवायच्या असतात. मंदीत घर लवकर विकलं जात नाही, म्हणजे सामानही जास्त दिवस राहतं. शूटिंगवालेही घेतात. फक्त अनामत रक्कम दणदणीत घे आणि नेताना प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढ.

जुनेपाने

आणि यापुढे मोठा माल विकत घेऊच नका. "ठेवून जा, विकलं गेलं की माझं कमिशन कापून पैसे देतो" असं सांगा. थांबायची जोखीम मालकाची. अडलेला माणूस कुरकुर करतो, पण पर्याय नसला की ठेवतो. लिहून मात्र घ्या: किती दिवस, किमान किती किंमत, आणि वाळवी निघाली तर जबाबदारी कुणाची.

रंधा

वाळवीचं लिहून घ्याच. आणि खुंटीताई, ते लिनन फेकू नका. खुर्च्यांच्या बैठकींना लागेल. ४२ मीटर मात्र माझ्याच्याने संपायचं नाही.

खुंटी

दहा मीटर तुमच्याकडे पाठवते. बाकीचं घडी घालून त्या महोगनीच्या कपाटात ठेवलंय. पहिल्यांदाच काहीतरी कामाला आलं ते.

वाचनमात्र

कपाटाची चिठ्ठी किती लावलीत? कुतूहल म्हणून विचारतोय. घरी भिंत मोजायची आहे.